मुलांचे कान व मुलांचे डोळे

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेंत मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या वर्षीं आपल्या धर्मग्रामाचा जमाखर्च आपण अनेक वेळां ऐकला. देवळाचें छप्पर किती खर्चांत नवें झालें, वेदीचा जीर्णोद्धार कोणाच्या देणगीनें झाला, सभागृहाच्या कामांत किती जणांनीं अंगमेहनत केली, या सर्वांची नोंद अहवालांत आली आहे, व ती यावी हें योग्यच आहे. आज आम्ही ज्या धनाविषयीं बोलणार आहों, त्याची नोंद मात्र कोणत्याही वहींत होत नाहीं. तें धन म्हणजे आपल्या मुलांचे कान व मुलांचे डोळे.

स्नानसंस्काराच्या वेळीं धर्मगुरु बालकाच्या कानांना व मुखाला स्पर्श करून तीं उघडावींत अशी प्रार्थना करतो. प्रभु येशूनें बहिऱ्या माणसास बरें करतांना उच्चारलेला 'एफ्फाथा' हा शब्दच त्या विधीचें नांव झाला आहे. मुलानें देवाचें वचन ऐकावें हा त्याचा पहिला अर्थ, याविषयीं शंका नको. परंतु ज्या कानाला कोणतीच गोष्ट लक्ष देऊन ऐकण्याची संवय नाहीं, तो देवाचें वचन तरी लक्ष देऊन कसें ऐकणार? म्हणून कान तयार करणें हें काम धर्मशिक्षणाच्या बाहेरचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. मुलांना अनेक प्रकारच्या संगीताची व चित्रकलेची गोडी लागावी असें वाटत असेल, तर नुसती सोय करून देऊन भागत नाहीं. प्रत्येक प्रकार कसा ऐकावा व कसा पाहावा, हें मुलाचा हात धरून दाखवावें लागतें. आज सोयीची वाण नाहीं. खिशांतल्या मोबाइलमध्यें साऱ्या जगाचें संगीत भरलेलें आहे. पण त्या यंत्राची रीत अशी कीं, मुलानें काल जें ऐकलें त्यासारखेंच तें आज पुढें करतें. त्यामुळें सात समुद्र हातांशीं असून आपलें मूल एकाच विहिरीचें पाणी पितें, आणि दुसरें पाणी चाखावयास दिलें कीं तोंड वांकडें करतें. हा दोष मुलाचा नव्हे. त्याला कोणी दाखविलेंच नाहीं.

दाखवावयाचें म्हणजे काय, हें उदाहरणानें सांगतों. सोळाव्या शतकांतील इटालियन संगीतकार पालेस्त्रीना याच्या मिस्सासंगीतांत चार, पांच, कधीं सहा आवाज एकाच वेळीं निरनिराळ्या वाटांनीं चालतात व मधूनमधून एकमेकांस भेटतात. तेथें ऐकणाऱ्याचें काम असें कीं, आधीं एका आवाजाचा माग धरावा, मग दुसऱ्याचा, आणि शेवटीं त्यांची भेट कोठें होते तें ओळखावें. आपल्या हिंदुस्थानी रागसंगीताची गोष्ट वेगळी. तेथें गाणारा मुख्य आवाज एकच. मागें तंबोऱ्याचा षड्ज अखंड घुमत असतो, आणि गवई एकेका स्वरापाशीं थांबत, एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत, हळूहळू सबंध राग आपल्यापुढें उभा करतो. तेथें पुष्कळ वाटा शोधावयाच्या नसतात. एकाच वाटेवरचें प्रत्येक वळण पाहावयाचें असतें.

आतां ज्या मुलाला फक्त गायनवृंदाची संवय आहे, तें राग ऐकून म्हणतें, "यांत कांहीं घडतच नाहीं." आणि ज्याला फक्त भजनाची संवय आहे, तें पालेस्त्रीना ऐकून म्हणतें, "हा नुसता गोंगाट." दोघांचे कान चांगले आहेत, पण दोघेही चुकीच्या जागीं लक्ष देऊन बसले आहेत. अशा वेळीं वडिलांनीं किंवा शिक्षकांनीं एवढेंच सांगावें, "बाळ, येथें लक्ष दे." पुष्कळदां तेवढ्यानेंच दार उघडतें.

आणि दार उघडल्यावर मुलाला कशीं आश्चर्यें दिसतात, पाहा. अकराव्या शतकांत इटलींत आरेत्सो येथें ग्विदो नांवाचा संन्यासी देवळांतील मुलांना गायन शिकवीत असे. संत योहान बाप्तिस्ताच्या एका लॅटिन स्तोत्राच्या सहा चरणांचे आरंभींचे स्वर पायरीपायरीनें चढत जातात. ग्विदोनें त्या चरणांचीं पहिलीं अक्षरें घेतलीं, आणि उत्, रे, मी, फा, सोल्, ला हीं स्वरांचीं नांवें झालीं. पुढें उत्‌च्या जागीं दो आला व सातव्या स्वरालाही नांव मिळालें. आपल्याकडे षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद यांचीं आद्याक्षरें घेऊन सा, रे, ग, म, प, ध, नि हीं नांवें त्याच्या पुष्कळ आधींपासून चालत आलीं होतीं. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन शिक्षकपरंपरांनीं मुलांच्या सोयीसाठीं एकच युक्ति शोधली! एकाच पेटीवर सारेगम व दोरेमी वाजवून दाखवा. आठ वर्षांच्या मुलालाही ही गोष्ट समजते, आणि एकदां समजली कीं तें विसरत नाहीं.

ती पेटी तरी कोणाची? हार्मोनियम मूळचा युरोपचा. पॅरिसच्या देबें यानें १८४० च्या सुमारास तो घडविला, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं त्याच शतकाच्या उत्तरार्धांत त्याला मांडी घालून वाजवितां येण्याजोगें रूप दिलें. आज भजन, कीर्तन, नाट्यसंगीत आणि आपल्या देवळांतील गायन यांपैकीं कोणालाही पेटी परकी वाटत नाहीं. तरीही जाणकारांचा तिच्यावर आक्षेप होता कीं, तिच्या पट्ट्यांवर दोन स्वरांमधली मींड निघत नाहीं. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला बंदी केली व १९७१ सालीं ती बंदी शिथिल झाली. हा वाद मुलांना अवश्य सांगावा. मग एकच ओळ प्रथम गळ्यानें व नंतर पेटीवर ऐकवावी आणि विचारावें, "गळ्यांत होतें व पेटींत नाहीं, असें काय?" जें मूल याचें उत्तर शोधूं लागलें, तें संगीताच्या घरांत शिरलें असें समजा.

चित्रांचेंही असेंच आहे. मूल चित्रापुढें उभें राहिलें कीं आपण विचारतों, "अगदीं खरें दिसतें ना?" हा प्रश्न कांहीं चित्रांना लागू पडतो, सर्वांना नाहीं. पूर्वेकडील ख्रिस्ती मठांतून ज्या पवित्र मूर्ति फळ्यांवर रंगविल्या गेल्या, त्यांच्या मागें आकाश नाहीं, डोंगर नाहीं, केवळ सोनेरी रंग आहे. कारण चित्रकाराला नाझरेथचें ऊन दाखवावयाचें नसून देवाचें तेज सुचवावयाचें आहे. तेथें "खरें दिसतें का?" असें न विचारतां "हे डोळे कोणाकडे पाहत आहेत?" असें विचारावें.

दूर कशाला जावें? २०१४ सालीं झालेल्या आपल्या पालघर जिल्ह्यांतच वारली बांधवांची वस्ती आहे. लग्नप्रसंगीं त्यांच्या सवाष्णी गेरूनें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानें चौक लिहितात. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन एवढ्याच आकृतींतून सारी सृष्टि उभी राहते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले कीं माणूस झाला. आणि त्रिकोणांचा तोल जरा बदलला कीं तोच माणूस नाचूं लागतो. डहाणूच्या बाजूचे जिव्या सोमा म्हसे यांनीं ही कला भिंतीवरून कागदावर व कापडावर आणली, तिला देशोदेशीं नेलें, आणि २०११ सालीं त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. परंतु आपल्यांतील किती मुलांनीं तारप्याचा आवाज प्रत्यक्ष ऐकला आहे? दुधी भोपळा, बांबू व ताडाचें पान यांतून तयार होणारें हें वाद्य आपल्या शेजारच्या तालुक्यांत वाजतें, आणि आपल्या मुलांना तें केवळ पडद्यांवरच्या व पिशव्यांवरच्या नक्षींतून माहीत आहे. शेजाऱ्याची कला पिशवीवर मिरवावी आणि शेजाऱ्याकडे पाहूं नये, ही रीत ख्रिस्ती माणसाला शोभत नाहीं.

आतां एका शंकेचा विचार केला पाहिजे. कांहीं पालक आम्हांस खाजगींत विचारतात, "फादर, मुलांना अभंग व राग ऐकविले, दुसऱ्यांच्या पूजेची चित्रें दाखविलीं, तर त्यांची श्रद्धा ढिली होणार नाहीं का?" ही शंका प्रामाणिक आहे, तिची थट्टा करूं नये. पण तिचें उत्तर आपल्या पूर्वजांनींच देऊन ठेविलें आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले. नवख्रिस्ती मंडळींना पूर्वींच्या पुराणश्रवणाची उणीव भासते, हें त्यांनीं जाणलें. त्यांनीं मंडळींना लॅटिन पाठ करण्याचा हुकूम सोडला नाहीं. ते स्वतः मराठी शिकले, ओवी शिकले, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' त्यांनीं रचलें. तें १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापलें गेलें. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज हातीं लागत नाहीं. तरी ग्रंथ हस्तलिखितांतून व भाविकांच्या मुखांतून जगला आणि १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हां छापला गेला. ओवीनें स्टीफन्स यांची श्रद्धा ढिली केली नाहीं. त्यांच्या श्रद्धेनें ओवीला नवें धन दिलें. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनींही अभंगाच्या मार्गानें हेंच केलें.

चित्रकलेंत आंजेलो द फोन्सेका यांचें नांव मुलांना सांगावें. त्यांचा जन्म १९०२ सालीं गोव्यांत झाला. शांतिनिकेतनांत अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या छायेंत ते शिकले. त्यांनीं पवित्र मरियेला लुगडें नेसविलें, तेव्हां त्यांच्याच लोकांनीं त्यांच्यावर टीका केली. अखेर पुण्याच्या एका ख्रिस्ती आश्रमांत त्यांनीं घर केलें, व १९६७ सालीं मृत्यु येईपर्यंत ते चित्रें काढीत राहिले. टीका करणाऱ्यांना एवढेंच विचारावेंसें वाटतें, कीं इटलीच्या चित्रकारांनीं मरियेला जीं वस्त्रें दिलीं, तीं तरी नाझरेथच्या बाजारांत कोठें मिळत होतीं? प्रत्येक देशानें आपल्या आईच्या रूपांत त्या आईला पाहिलें.

आणि ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण काय? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यांत ग्रेगोरियन गायनाला मानाचें स्थान दिलें आहे, ऑर्गनचा गौरव केला आहे, आणि त्याच वेळीं निरनिराळ्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असेंही सांगितलें आहे. कोणतीही एकच कलाशैली ख्रिस्तसभेनें आपली म्हणून मानलेली नाहीं, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां ग्रेगोरियन गायन जुनें म्हणून टाकूं नये, व भजन देशी म्हणून दूर लोटूं नये. गंमत अशी कीं, ग्रेगोरियन गायनांत आवाज एकच, ठेका नाहीं, शब्दाबरोबर सूर वाहत जातो. म्हणून ज्या मुलाच्या कानांवर आलाप पडला आहे, त्याला तें लवकर उमजतें. एका कलेची ओळख दुसरीची वाट मोकळी करते, ती अशी.

दुसरी शंका व्यवहाराची. "यानें परीक्षेंत किती गुण वाढणार?" एकही नाहीं, असें आम्ही प्रारंभींच कबूल करतों. तथापि गोव्याचा इतिहास पाहा. तेथें सोळाव्या शतकापासून धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन, गायन व व्हायोलिन शिकवीत. त्या परंपरेंत वाढलेले वादक विसाव्या शतकांत मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत सतार व तबला वाजविणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. माजोर्डा येथें १९२७ सालीं जन्मलेले अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीं एक. त्यांनीं रागदारी व पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा ध्यास घेतला. १९७७ सालच्या एका चित्रपटांतील ज्या गाण्यांत हें नांव आपण सर्वांनीं गुणगुणलें, तें गाणें म्हणजे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं गुरूला केलेलें वंदन होय. एका धर्मग्रामाच्या शाळेंतला एक तास कोठवर पोहोंचेल, हें त्या तासाला कोणी सांगूं शकत नाहीं.

मात्र एक गैरसमज होऊं नये. अनेक प्रकार शिकवावे, याचा अर्थ सर्व कांहीं सारखेंच चांगलें असा नव्हे. प्रत्येक प्रकारांत सरस असतें व निरस असतें. भजनांतही उथळ भजन आहे, व स्तोत्रांतही कंटाळवाणें स्तोत्र आहे. "आमचें तें चांगलें, त्यांचें तें वाईट" असा निवाडा सोडून "हें त्याच्या जातींत किती चांगलें?" असा विचार करावयास मुलाला शिकवावें. ज्याला असा निवाडा करतां आला, त्याला पुढें माणसांचा निवाडाही जातीवरून करावासा वाटणार नाहीं.

आतां घरीं काय करावें, तें सांगतों. आठवड्यांतून एक संध्याकाळ निवडा. जपमाळेनंतरचीं पंधरा मिनिटें पुरेत. एकच रचना तीनदां ऐका. पहिल्यांदा कोणी बोलूं नये. नंतर मुलांना "आवडलें का?" असें विचारूं नये, "काय ऐकलें?" असें विचारावें. तिसऱ्यांदा ऐकण्यापूर्वीं तुम्हांस जें ठाऊक असेल तें सांगावें. एकदां भूप राग घ्या; त्यांत सा, रे, ग, प, ध हे पांचच स्वर आहेत, आणि चीनच्या व स्कॉटलंडच्या कित्येक लोकगीतांतही तेच पांच स्वर ऐकूं येतात. एकदां त्रितालाच्या सोळा मात्रा हातांवर मोजा. पहिली, पांचवी व तेरावी यांवर टाळी, नववीवर खाली. हात चालला कीं कान जागा होतो. तांदळाचें पीठ घरांत असतेंच. एका जुन्या खरड्यावर गेरू फांसून मुलांना त्रिकोणांचीं माणसें लिहूं द्या. आणि एक पथ्य अवश्य पाळा: परक्या सुराला मोठ्यांनीं हसूं नये. बापाचें एक हसणें मुलाच्या मनाचें दार दहा वर्षें बंद ठेवूं शकतें.

या सर्वांचा आरंभ मात्र आपल्या स्वतःच्या घरापासून व्हावा. वसईच्या या पट्ट्यांत सामवेदी व वाडवळी बोलींत लग्नाचीं जीं गाणीं आहेत, जात्यावरच्या ज्या ओव्या आहेत, त्या ज्यांना मुखोद्गत आहेत अशा वृद्ध माता आपल्या धर्मग्रामांत आतां हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. जातीं गेलीं, लग्नांत बँड आला, कीबोर्डाचें बटण दाबलें कीं ताल आपोआप वाजूं लागला. आपलीं मुलें आजीची बोली चारचौघांत बोलावयास लाजतात, मग तिचें गाणें कसें गातील? आणि आपल्या आजीचें गाणें ज्याला हिणकस वाटतें, तो दुसऱ्याच्या आजीच्या गाण्याला मान देईल अशी आशा करणें व्यर्थ आहे. आणखी एक ज्युबिली येईपर्यंत या माता थांबणार नाहींत.

म्हणून ज्युबिलीच्या निधींत जी रक्कम शिल्लक आहे, तिच्याविषयीं आमची विनंती सभेपुढें ठेवतों. तिच्यांतून नवा ध्वनिक्षेपक घ्यावा असें कांहीं मंडळींचें मत आहे, व त्यांचा हेतु चांगला आहे. पण ध्वनिक्षेपक आवाज मोठा करील. ऐकणारा कान तो देणार नाहीं. निदान अर्धी रक्कम रविवारच्या धर्मशिक्षणानंतर मुलांच्या एका तासासाठीं राखून ठेवावी. त्या तासांत एक रविवार पेटी व सारेगम, एक रविवार गायनवृंदाचे चार आवाज, एक रविवार चित्रें, आणि एक रविवार आपल्या वृद्ध मातांपैकीं एकीनें गावें व मुलांनीं तिचे शब्द वहींत उतरून घ्यावे. वर्षांतून एकदां सहल काढावी: एखाद्या वर्षीं वारली पाड्यावर तारपा ऐकावयास; एखाद्या वर्षीं नाशिकास, जेथें १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई जिंकल्यावर येथून नेलेली घंटा नारोशंकराच्या देवळांत टांगलेली आहे. त्या घंटेचा नाद मुलांनीं डोळे मिटून ऐकावा. ती कोणाकडून कोणाकडे गेली हें इतिहासांत शिकावें. पण तिचा सूर कसा आहे, हें कानानें ठरवावें.

या रकमेचा निर्णय पुढील रविवारीं मिस्सेनंतरच्या बैठकींत व्हावयाचा आहे. त्या बैठकीस येतांना प्रत्येकानें आपल्या घरांतील मुलाला एकदां विचारून यावें, कीं त्याला आपल्या आजीचें एखादें गाणें येतें का. जें उत्तर मिळेल, तें ध्यानांत धरून मत द्यावें, एवढेंच आमचें मागणें.

ज्या प्रभूनें बहिऱ्याचे कान व आंधळ्याचे डोळे उघडले, तो आपल्या लेकरांचेही कान व डोळे उघडो, आणि त्या कामीं आपणां सर्वांना आपलीं साधनें करून घेवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.